हॉर्न कधी वाजवायचा: पुतणीला गाडी शिकवताना

पुतणीला लायसन्स मिळालं, पण हॉर्न कधी वाजवायचा हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत खनिजाचा टिपर चालवला, नंतर गावातल्या शाळेचा बालरथ, म्हणजे पोरांना ने-आण करणारी बस. टिपरवर असताना ट्रिपांवर पैसे मिळायचे, म्हणून हात कायम हॉर्नवर. बालरथात मागे चाळीस पोरं बसली तेव्हा ती सवय मोडावी लागली. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

हॉर्नकडे हात जाण्याआधी एकच बघायचं: समोरच्याला मी दिसतोय का? दिसत नसेन आणि त्यातून धडक होऊ शकत असेल, तर वाजवायचा. त्याने मला पाहिलं असेल तर हॉर्नने त्याला नवीन काही कळत नाही. आणि आधी पाय ब्रेकवर, मग हात हॉर्नवर. उलट केलं की आपण वाजवून मोकळे होतो आणि गाडीचा वेग तसाच राहतो.

गोव्यात हॉर्नची खरी गरज लागते ती आतल्या रस्त्यांच्या वळणांवर. एका बाजूला चिऱ्यांची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला माड किंवा काजू, आणि रस्ता जेमतेम एका गाडीचा. इथे वळणाच्या आधी, वळणात शिरल्यावर नव्हे, एकदा थोडक्यात वाजवायचा. काच थोडी खाली ठेवायची, कारण उत्तर ऐकायला हवं. पलीकडून हॉर्न आला तर थांबायचं, कुणी मागे घ्यायची ते समोरासमोर ठरतं. उत्तर आलं नाही म्हणजे रस्ता मोकळा, असं मात्र धरायचं नाही. सायकलवाला, बकऱ्या, डोक्यावर लाकडांचा भारा घेतलेली बाई, यांच्याकडे हॉर्न नसतो.

गोव्यातून बेळगावकडे जाणाऱ्या चोर्ला घाटात दिवसा तसंच. रात्री वळणावर हॉर्नपेक्षा डिपर बरा, उजेड भिंतीवर आधी दिसतो. पावसाळ्यात धुकं उतरलं की मात्र दिवे मंद ठेवून प्रत्येक आंधळ्या वळणावर एकदा वाजवावाच. चढणारी गाडी आधी, हा नियम आहे. उतरताना हॉर्न मारून चढणाऱ्याला थांबवायचं नाही. भरलेली गाडी चढावर पुन्हा उचलायला किती जड जाते ते मी टिपरवर भोगलंय.

आता वाड्यातली, म्हणजे गावातल्या वस्तीतली गोष्ट. ही मी पुतणीला दोनदा सांगितली.

आमच्याकडे वाड्यात हॉर्न म्हणजे कुणीतरी काहीतरी विकायला आलंय. पहाटे पोदेर सायकलवरून पों-पों करत पाव आणतो, नंतर नुस्तेकार, म्हणजे मासे विकणारा, स्कूटरचा हॉर्न वाजवत फिरतो. लोक त्या आवाजाची वाट बघत असतात. बालरथाच्या पहिल्या वर्षी एका वाड्यात वासरू रस्त्यात उभं होतं. मी लांबलचक हॉर्न दाबला. वासरू हललं नाही, पण शेजारच्या घरातून सात-आठ वर्षांचा मुलगा पिशवी घेऊन धावत थेट गाडीपुढे आला. त्याला वाटलं नुस्तें आलं. गाडी तेव्हा अगदी हळू होती म्हणून थांबली. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. त्या दिवसापासून वाड्यात मी गुरांसाठी हॉर्न वाजवत नाही. पोरांना बोलवायला फाटकापुढे वाजवणंही तेव्हाच सोडलं. ठरलेल्या वेळी गाडी नेली की पोरं आपोआप उभी असतात.

गुरं पावसात डांबरावर येऊन बसतात, रात्री तर काळी म्हैस दिसतच नाही. त्यांना हॉर्नने उठवलं तर ती कुठे वळतील सांगता येत नाही. वेग चालण्याइतका करावा आणि गाडी शेपटीच्या बाजूने काढावी. गाय पलीकडे गेली तर पाठोपाठ वासरू येणार हे धरूनच थांबावं.

भाड्याची स्कूटर घेऊन फिरणारे पर्यटक वाटेत अचानक वळतात, फोनवर नकाशा बघत असतात. त्यांना सावध करायचं तर तीस-चाळीस मीटर मागून, हलकेच. अगदी शेजारी येऊन वाजवला की ते दचकतात आणि हँडल नेमकं आपल्याच बाजूला वळतं. म्हाताऱ्या माणसाच्या मागून कधीच वाजवू नये. ऐकू येत नसेल तर उपयोग नाही, ऐकू येत असेल तर दचकून पाय घसरेल. अंतर ठेवून थांबावं, तो कडेला जाईपर्यंत.

कायद्याचं थोडक्यात. विनाकारण, सतत, किंवा हॉर्न बंदीची पाटी असेल तिथे वाजवला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ फ प्रमाणे पहिल्यांदा १,००० रुपये आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचं १०० मीटरपर्यंतचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून ठरवता येतं. वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ हॉर्न वाजवायचा नाही, आणीबाणी सोडून. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयाजवळून जाताना तर पाटी शोधत बसू नये. आत कुणाचं तरी माणूस झोपलेलं असतं. ॲम्ब्युलन्स मागे आली तर आपण हॉर्न वाजवून पुढच्यांना हटवायचं नाही, डावीकडचा इंडिकेटर देऊन बाजूला व्हायचं. रस्ता अडवला तर १०,००० रुपये दंड होऊ शकतो.

पुढची गाडी सिग्नलला हिरवं झाल्यावर हलत नसेल तर मनात तीन मोजावे, मग एकदाच, हॉर्नला बोट लावण्याइतकं.

राहिला प्रश्न पुतणीचा: "काका, मागचा वाजवत राहिला तर?" उत्तर तिला होंडा गावच्या बाजारात मिळालं. एक आजी भाजीची टोपली घेऊन रस्ता ओलांडत होती, पुतणी थांबली, मागचा टेम्पो हॉर्न सोडेना. तिचा पाय क्लचवर थरथरत होता. मी म्हटलं, "आरशात बघू नको, आजीकडे बघ." आजी पलीकडे पोचली, टोपली खाली ठेवली, मग पुतणीने गाडी उचलली.