सौरसंचासाठी घर पारखताना

नागपुरात छतावरील सौरसंचाची चौकशी करणाऱ्या घराचे मूल्यांकन करताना प्रथम महावितरणचे वीजबिल मागावे आणि मागील बारा महिन्यांचा वापर पाहावा. एप्रिल-मे महिन्यांत कूलर आणि एसीमुळे वापर फुगतो, त्यामुळे केवळ उन्हाळ्याच्या बिलावरून क्षमता सुचवणे हा ग्राहकावर अन्याय आहे. एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतो व त्याला साधारण १०० चौरस फूट जागा लागते.

सावलीची पाहणी मात्र गच्चीवर चढूनच करावी. डिसेंबरात येथे भर दुपारीही सूर्य सुमारे ४५ अंशांवरच असतो, म्हणजे पाच फूट उंच टाकीची सावली उत्तरेकडे जवळजवळ पाच फूट पडते. मे महिन्यात मोकळी दिसलेली गच्ची हिवाळ्यात तशी राहीलच असे नाही. दक्षिणेकडचा कडुनिंब शेजाऱ्यांचा असेल, तर तो छाटला जाईल असे गृहीत धरू नये.

वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे, तेही विचारावे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट व त्यापुढील संचाला केंद्राचे अनुदान कमाल ७८,००० रुपयेच मिळते, हे स्पष्ट सांगावे. ज्या घराचा वापर महिन्याला जेमतेम पन्नास-साठ युनिट आहे, तेथे घाई न करण्याचा सल्ला द्यावा आणि तशीच नोंद अहवालात करावी.