दवानं स्लीपिंग बॅग ओली होऊ नये म्हणून

दिवाळीच्या आसपास अंतूर नाहीतर वेताळवाडी किल्ल्याकडं रात्रीचा मुक्काम टाकला की पहाटे टेंट आतून-बाहेरून चिंब, तेबी पाऊस नसताना.

उपाय सोपा हाय. टेंट गवतात, टाक्याच्या काठाला किंवा खोलगट जागी लावूच नका, थोडं उंचावर झाडाखाली लावा, उघड्या आभाळाखाली दव लई पडतं. मग दोन्ही बाजूच्या चेन वरून वीतभर उघड्या ठेवा, जाळी मात्र बंद. थंडी वाजते म्हणून सगळे टेंट गच्च बंद करतात न् तिथंच घोळ होतो, आपल्याच श्वासाची वाफ कापडाला लागून पाणी होऊन टपकते. गारठा वाटला तर कानटोपी घाला, अंगाखाली अजून एक सतरंजी टाका, पण हवा खेळू द्या. ओले मोजे आत वाळत घालू नका.

एवढं करून पायाकडं ओल आलीच तर निघायची घाई न करता बॅग उलटी करून कातळावर उन्हात टाका, आपल्याकडचं ऊन कडक, चहा होईस्तोवर बरीच वाळते.

बूट बाहेर राहिले असतील तर घालायच्या आधी झटकून घ्या, इंचू असतो.