स्क्रिप्टमधून दूरच्या सर्व्हरवर क्रॉन जॉब लावण्याआधीची तयारी

सर्व्हरचा टाइमझोन आधी पाहून घ्यावा. क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा प्रोग्रॅम, सर्व्हरच्या घड्याळावर चालतो, आपल्या नव्हे. स्क्रिप्ट चालताना पासवर्ड टाइप करायला कोणी बसलेले नसते, म्हणून या कामासाठी एसएसएचची (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करण्याच्या पद्धतीची) वेगळी की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी ओळखीची फाइल, तयार करावी, ती रूटऐवजी (सर्व अधिकार असलेल्या युजरऐवजी) मर्यादित अधिकारांच्या युजरला जोडावी आणि बॅचमोड (पासवर्ड न विचारण्याची एसएसएचची सेटिंग) चालू ठेवावा, म्हणजे लॉगिन अडल्यास स्क्रिप्ट ताटकळत न राहता लगेच एरर देऊन थांबेल.

सर्वाधिक काळजी क्रॉनटॅब, म्हणजे युजरच्या क्रॉन जॉबची यादी, लिहितानाच घ्यावी लागते. स्टँडर्ड इनपुटवरून, म्हणजे फाइलऐवजी थेट कमांडला, दिलेला मजकूर जुन्या ओळींत मिळवला जात नाही, तर त्या युजरचा अख्खा क्रॉनटॅबच बदलतो. त्यामुळे जुनी यादी वाचून, तिच्यात एक ओळ जोडून, तीच पाइपने (एका कमांडचे आउटपुट थेट दुसरीला देऊन) परत पाठवण्याची सुटसुटीत वाटणारी पद्धत टाळावी: वाचतानाच कनेक्शन तुटले, तर परत जाते ती फक्त नवी ओळ, आणि बाकीचे जॉब मुकाट्याने पुसले जातात. जुनी यादी तारखेच्या नावाने फाइलमध्ये उतरवावी आणि एक्झिट कोड (कमांड यशस्वी झाली का हे सांगणारा आकडा, शून्य म्हणजे यश) तपासावा. 255 आल्यास दोष एसएसएचचा, तेव्हा तिथेच थांबावे. मात्र युजरचा क्रॉनटॅब मुळातच नसेल तरीही कोड शून्य येत नाही, हे ध्यानात ठेवून एरर संदेशही वाचावा. आपल्या ओळीच्या शेजारी ओळखीची कॉमेंट ठेवल्यास स्क्रिप्ट पुन्हा चालवली तरी जुनी ओळ काढून नवी घालता येते आणि एकच जॉब दोनदा लागत नाही.

ओळ लिहिताना टक्क्याच्या चिन्हाकडे लक्ष द्यावे. बॅकअपच्या नावात तारीख घालण्यासाठी ते हमखास येते, पण क्रॉन त्याला नवी ओळ समजतो आणि कमांड तिथेच तुटते. त्याआधी बॅकस्लॅश हवा. महिन्याची 13 तारीख आणि शुक्रवार अशी दोन्ही बंधने घातल्यास जॉब दर 13 तारखेला आणि शिवाय दर शुक्रवारी चालतो, हेही अनेकांना उशिरा कळते.

क्रॉनला आपल्या शेलमधले पाथ (कमांड शोधण्याच्या जागा) मिळत नाहीत, म्हणून प्रत्येक कमांडचा पूर्ण पाथ द्यावा आणि रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (शेलच्या सेटिंगशिवाय) ती एकदा चालवून पाहावी. आधीची फेरी संपण्यापूर्वी दुसरी सुरू होण्याची शक्यता असेल तर एफलॉक (एका वेळी एकच फेरी चालू देणारी कमांड) वापरावे. आउटपुट आणि एरर दोन्ही लॉगमध्ये वळवावेत. क्रॉन आउटपुट मेलने पाठवतो, पण सर्व्हरवर मेलची व्यवस्था बहुधा नसतेच. शेवटी क्रॉनटॅब पुन्हा वाचून जतन केलेल्या फाइलशी ताडून पाहावा. फरक फक्त आपल्या ओळीचाच दिसला पाहिजे.