सोसायटीचा हायड्रंट: दाब मोजायचा कसा, सुधारायचं काय

पाइपांना ताजा लाल रंग आहे, होज बॉक्सची काच पुसलेली आहे आणि पंपरूममधल्या गेजचा काटा आठवर आहे. एवढ्यावरून हायड्रंट (आग विझवायला होज जोडायची पाण्याची जोडणी) चालतो असं समजू नका. उभ्या पाण्याचा दाब फसवा असतो. राइझरमधला (मजल्यांवर पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपमधला) व्हॉल्व्ह तीन चतुर्थांश बंद राहिला असला, तरी पाणी थांबलेलं असताना गेज पूर्ण दाबच दाखवतं. अडथळा असेल तर तो पाणी वाहायला लागल्यावरच कळतो. म्हणून पुढची सगळी खटपट वाहत्या पाण्यातला दाब मोजण्यासाठी आहे. उदाहरण म्हणून 15 मजली, साधारण 45 मीटर उंचीची, वेट राइझर (कायम पाण्याने भरलेला राइझर) असलेली इमारत धरली आहे.

आधी हिशेब. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार (2016) सर्वांत वरच्या हायड्रंटला 3.5 किलो दाब मिळायला हवा. (इथे किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलो, पंपवाले बोलतात तसं.) दर 10 मीटर चढाला एक किलो जातो, म्हणजे उंचीचे साडेचार आणि वरचे साडेतीन मिळून आठ. त्यात पाइपांतलं घर्षण मिळवलं तर पंपाने नऊच्या आसपास द्यायला हवं. 20 मिलिमीटरच्या नोझलमागे 3.5 किलो दाब असेल तर मिनिटाला सुमारे 500 लिटर पाणी जातं. दोन मिनिटांच्या चाचणीला हजार लिटर लागतात, तेव्हा ते कुठे सोडायचं ते आधी ठरवा. गच्चीवरून सोडणार असाल तर पावसाळी पाइपांच्या जाळ्या साफ करून घ्या. हे पाणी महिनोन् महिने लोखंडी पाइपात साचलेलं असतं. ते पिण्याच्या टाकीत जाता कामा नये.

मोजायचा तुकडा

लँडिंग व्हॉल्व्ह (मजल्यावरचा, होज जोडायचा व्हॉल्व्ह) आणि होज यांच्यामध्ये बसणारा, गेज लावलेला एक आखूड तुकडा करून घ्या. त्यासाठी स्टेनलेस स्टीलचं 63 मिलिमीटरचं एक मेल आणि एक फीमेल इन्स्टंटेनियस कपलिंग (ढकलून खटकन बसणारी जोडणी), अडीच इंची स्टेनलेस पाइपचा 150 मिलिमीटरचा तुकडा, अर्धा इंची सॉकेट, नीडल व्हॉल्व्ह आणि 0 ते 16 किलोचं ग्लिसरीन भरलेलं गेज लागेल. मेल बाजू व्हॉल्व्हमध्ये जाते, फीमेल बाजूत होजचं मेल टोक बसतं. कपलिंग गनमेटलची (तांब्याच्या मिश्रधातूची) आणू नका. गनमेटल आणि स्टेनलेस यांचं साधं वेल्डिंग धरत नाही.

सॉकेटसाठी पाडलेल्या भोकाची आतली कडा कानशीने पूर्ण साफ करून घ्या. तिथे धातूचा काटा राहिला की पाणी त्याला आपटून उसळतं आणि गेज खोटं बोलतं. दाब दिसत नाही म्हणून पंप बदलायला निघण्याआधी हे भोक बघावं. नीडल व्हॉल्व्ह काटा थरथरू नये म्हणून असतो, तो जेमतेम उघडा ठेवायचा. तुकडा वापरण्याआधी 20 किलोला हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची चाचणी) करून घ्या. माणसाच्या छातीसमोर धरायची वस्तू आहे ही.

चाचणी

चार माणसं लागतात: नोझलवर दोघं, व्हॉल्व्हवर एक, पंपरूममध्ये एक. पंपरूमवाल्याशी फोन चालू राहू द्या.

पंपांचं पॅनेल ऑटोवर आहे ना ते सर्वांत आधी बघा. पुष्कळ ठिकाणी ते मॅन्युअलवर सापडतं, कारण रात्री जॉकी पंप (पाइपांतला दाब टिकवणारा छोटा पंप) सारखा सुरू होतो आणि खालच्या मजल्यावरच्यांची झोपमोड होते. दोष जॉकीचा नसतो, गळतीचा असतो. तिच्याकडे पुढे येऊ.

मग सर्वांत वरच्या मजल्यावर जा. होज पूर्ण उलगडा, कुठे मुरड राहू देऊ नका. तुकडा व्हॉल्व्हमध्ये ढकला. दोन्ही लग (कपलिंगचे खटके) खटकन बसल्याचा आवाज यायला हवा. मग मागे ओढून बघा, एकच लग अडकला असेल तर तुकडा हातात येईल. व्हॉल्व्ह आधी दोन-तीन आटे उघडा, होज भरू द्या, मग पूर्ण उघडा. बंदही तितक्याच सावकाश करा. झटक्यात बंद केलं तर पाण्याचा धक्का राइझरभर जातो आणि जुने गॅसकेट फाटतात. भरलेला होज ओलांडू नका, बाजूने फिरा. नोझलचं तोंड ट्रान्सफॉर्मर किंवा मीटररूमकडे कधीही नको.

जॉकी बहुधा मिनिटाला 180 लिटरचा असतो आणि नोझल 500 मागतं, त्यामुळे काही सेकंदांत मेन पंप आपोआप सुरू व्हायलाच हवा. तो आपोआप बंद मात्र होता कामा नये. आग लागली असताना प्रेशर स्विचच्या लहरीवर पंप थांबू नये म्हणून तो हातानेच बंद करायचा असतो. दोन मिनिटांनी वरचा आणि पंपरूममधला आकडा एकाच वेळी लिहून घ्या.

वर साडेतीन किंवा जास्त आणि खाली नऊच्या आसपास असेल तर ठीक. खाली नऊ टिकलेत पण वर दीडवर घसरलं, तर अडथळा मधल्या वाटेत आहे: अर्धवट बंद व्हॉल्व्ह, अर्धवट अडकलेला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) किंवा गंजाच्या पापुद्र्यांनी बुजलेला पाइप. दोन्हीकडे घसरलं तर दोष पंपाकडे आहे. अशा वेळी आधी सक्शनची (टाकीतून पाणी ओढणाऱ्या पाइपची) जाळी बघा, टाकीतला गाळ तिथे बसतो. मग मोटर उलटी फिरत नाही ना ते बघा. वायरिंगच्या कामानंतर फेज उलटे जोडले जातात, आणि उलटा फिरणारा सेंट्रिफ्यूगल पंप थोडं पाणी देतच राहतो, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही.

रात्री वाजणारा जॉकी

पॅनेल थोडा वेळ मॅन्युअलवर घ्या आणि प्रत्येक राइझरचा तळातला व्हॉल्व्ह एकेक करून बंद करा. ज्याच्या बंद होण्याने काटा घसरायचा थांबतो, गळती त्या राइझरवर. सगळे बंद करूनही काटा घसरत असेल, तर पंपाजवळचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह पाणी परत टाकीत सोडतो आहे किंवा जमिनीखालचा पाइप फुटला आहे. गच्चीवरची फायरची टाकी कारण नसताना ओसंडत असेल, तर तिच्या जोडणीवरचा नॉन रिटर्न गेला असं बिनदिक्कत समजा.

मजल्यांवरची गळती बहुतेक वेळा लँडिंग व्हॉल्व्हच्या सीटची असते. थेंब पडतो म्हणून कुणीतरी चाक पान्याने आवळतं, सीटचं रबर कापलं जातं आणि थेंबाची धार होते. त्यावर उपाय रबर बदलणं हाच. राइझर बंद करून रिकामा करा, बॉनेट (व्हॉल्व्हचं झाकण) उघडा, जुनं रबर नमुना म्हणून घेऊन जा आणि ईपीडीएमचं आणा. त्याच वेळी ग्लँडची (स्पिंडलभोवतीची) दोरी बदला, स्पिंडलला ग्रीस लावा. काम संपलं की सगळे व्हॉल्व्ह उघडा, पॅनेल ऑटोवर आणा. हे विसरल्यामुळे बंद पडलेले हायड्रंट गळतीमुळे बंद पडलेल्यांपेक्षा कमी नसावेत.

करण्याजोग्या सुधारणा

पहिली, खालच्या मजल्यांवरचा दाब आवरणं. नोझल किती मागे रेटतं ते दाबावर ठरतं: 20 मिलिमीटरच्या नोझलला 3.5 किलोवर सुमारे 22 किलो वजनाइतका रेटा, 7 किलोवर 44. दुसरा आकडा एकट्या वॉचमनला सावरणार नाही, आणि तळमजल्यावर तर आठाच्या वर दाब असतो. व्हॉल्व्हच्या फ्लँजमध्ये ओरिफिस प्लेट (भोक असलेली चकती) हा स्वस्त उपाय, पण ती फक्त पाणी वाहताना दाब कमी करते. नोझल मिटलं की होजवर पुन्हा पूर्ण दाब येतो. दाब नियंत्रित करणारा लँडिंग व्हॉल्व्ह महाग, पण दोन्ही वेळी काम करतो. आमचं मत: खालचे चार-पाच मजले तरी या दुसऱ्या प्रकारावर न्यावेत.

दुसरी, राइझरच्या माथ्यावर एअर रिलीज व्हॉल्व्ह. तो नसेल तर वर हवा अडकते, काटा वरखाली नाचतो आणि होजमधून आधी फुसकारे येतात. त्याच्याखाली बॉल व्हॉल्व्ह हवाच, म्हणजे दुरुस्तीला राइझर रिकामा करावा लागत नाही.

तिसरी, चोरी. गनमेटलचे ब्रँच पाइप (होजच्या टोकाला लावायचे, नोझल असलेले पाइप) भंगारात जातात, म्हणून बॉक्सला कुलूप लागतं आणि किल्ली सेक्रेटरीच्या कपाटात जाते. कुलूप काढा. हाताने तुटणारं, क्रमांक असलेलं प्लास्टिकचं सील लावा आणि वॉचमनच्या फेरीत क्रमांक तपासा. ब्रँच पाइप स्टेनलेसचे घ्या. ॲल्युमिनियमचे स्वस्त पडतात, पण मुंबई, कोकण, गोव्याच्या खारट हवेत गनमेटलच्या तोंडात ॲल्युमिनियम अडकवून ठेवलं की गंजून चिकटतं आणि ऐन वेळी सुटत नाही.

कपलिंगच्या मापाशी तडजोड नको. 1904 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरला मोठी आग लागली, तेव्हा दुसऱ्या शहरांतून आलेल्या बंबांचे होज तिथल्या हायड्रंटना बसेनात, कारण आटे वेगळे होते. आपल्याकडे 63 मिलिमीटरचं एकच माप आहे, तरी आयएसआय चिन्ह नसलेल्या मालात लगच्या खाचा कमी-जास्त निघतात. नवा होज प्रत्येक हायड्रंटमध्ये घालून बघितल्याशिवाय बिल चुकतं करू नका.

होजसाठी एक साधी युक्ती. कपलिंगच्या कडेला होजवर पेनने गोल रेघ मारून ठेवा. चाचणीनंतर रेघ कपलिंगपासून सरकलेली दिसली तर बांधणीची तार ढिली झाली आहे, तो होज बाद. बाकीचे सावलीत पूर्ण वाळवा आणि जुन्या घडीवरच पुन्हा घडी न घालता गुंडाळा.

फाटकाजवळचा फायर ब्रिगेड इनलेटही उघडून बघा. टोपण गेलं की आत दगड आणि गुटख्याच्या पुड्या जमतात, आणि बंबाने पाणी लोटलं की तेच राइझरमध्ये शिरतं. टोपणाला साखळी लावा, समोर पार्किंग होऊ देऊ नका.

राइझर, पंप आणि पॅनेलमधला कोणताही बदल परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्या. महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैमध्ये प्रपत्र ब (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) द्यावं लागतं, ते देणारी एजन्सी हीच. ही चाचणी डिसेंबर आणि जूनच्या सुरुवातीला ठेवली तर दुरुस्तीला तीन-चार आठवडे मिळतात. एजन्सीचा माणूस आला की त्यालाही गच्चीखालच्या शेवटच्या मजल्यावर न्या, तुमचा तुकडा लावा आणि आकडा त्याच्या देखत रजिस्टरमध्ये लिहा.