डीएसएलचा दिवा स्थिर, तरी नेट नाही

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यातली तक्रार. मॉडेमवर डीएसएलचा (फोनच्या तारेवरून येणाऱ्या नेटचा) दिवा स्थिर हिरवा, इंटरनेटचा मात्र लाल. काकू लाइनमनला विचारत होत्या, "अहो, दिवा लागलाय ना, मग नेट का नाही?" रास्त प्रश्न.

दिवा स्थिर म्हणजे मॉडेम आणि डीस्लॅमचं (टेलिफोन कंपनीच्या टोकाला ग्राहकांच्या लाइनी जोडणाऱ्या यंत्राचं) सिंक झालंय, तारेवर दोघांचं जुळलंय, एवढंच. एसएनआर मार्जिन (गोंगाट सोसायला सिग्नलकडे असलेली शिल्लक) 11 डीबी, पुरेसं, म्हणजे तारेत खोट नाही. (जुन्या वायरींना उगाच शिव्या बसतात.) पीव्हीसीही (मॉडेममध्ये भरायचा आभासी वाहिनीचा नंबर) 0/35 बरोबर होती, नाहीतर लॉगिनची विनंती रॅडियसपर्यंत (युजरनेम-पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरपर्यंत) पोचलीच नसती. ती पोचत होती आणि नाकारली जात होती. पासवर्ड बरोबर असूनही!

लॉग नीट वाचला तेव्हा उलगडा झाला. डीस्लॅमवरचा जुना पोर्ट पावसात जळाला, म्हणून कुणीतरी एमडीएफवर (बाहेरच्या तारा यंत्रांना जोडायच्या चौकटीवर) जंपर, म्हणजे जोडवायर, शेजारच्या पोर्टला घातला होता. सिस्टीममध्ये युजरनेमचं बाइंडिंग (कोणत्या पोर्टवरून लॉगिन चालेल ती बांधणी) जुन्याच पोर्टवर. डीस्लॅम प्रत्येक लॉगिनसोबत कार्ड आणि पोर्टचा नंबर पाठवतो. तो जुळला नाही की नकार ठरलेला.

बाइंडिंग नव्या पोर्टवर टाकलं, मॉडेम बंद करून चालू केला, सेशन लगेच उभं राहिलं. स्पीड मात्र रडत होता, कारण नव्या पोर्टला डिफॉल्ट 512 केबीपीएसचं प्रोफाइल (वेगाची मर्यादा) होतं. काकूंच्या प्लॅनचं लावलं.

जळालेला पोर्ट नोंदीत 'खराब' करून ठेवा, नाहीतर सिस्टीम तो मोकळा समजून पुढच्या ग्राहकाला देऊन टाकते.