अल्टिमेट चिकन हॉर्स पहिल्यांदा खेळताय? मग हे वाचून घ्या

घरी चार कंट्रोलर असतील तर हा गेम लावाच, २०१६ ला पीसीवर आला, नंतर प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विचवर पण आला, माँट्रियलच्या छोट्या टीमने बनवलाय आणि काय भारी बनवलाय!

सुरुवात पार्टी मोडनेच करा. दर राउंडला बॉक्स उघडतो, त्यातली एक वस्तू पटकन उचलायची (आवडलेली दुसरा घेऊन जातो, म्हणून कर्सर फास्ट हलवा), मग ती लेव्हलमध्ये कुठेतरी लावायची आणि सगळ्यांनी झेंड्यापर्यंत पळायचं.

आता मेन गोष्ट. सगळेच पोचले तर कोणालाच पॉइंट नाही, कोणीच नाही पोचलं तरी नाही. म्हणजे रस्ता असा पाहिजे की तुम्हाला जमेल पण बाकीचे लटकतील. नवीन लोक झेंड्याच्या तोंडाशीच करवत लावतात आणि मग स्वतःच कापले जातात, असं करू नका. त्यापेक्षा लांब उडीनंतर जिथे सगळे उतरतात तिथे बरोबर रेषेत क्रॉसबो लावा, बाणाचं टायमिंग तुम्हाला माहीत असतं ना, बाण गेला की उडी मारायची. रस्ता फारच अवघड झाला तर बॉम्ब घ्या आणि नको ते उडवून टाका.

रन बटण दाबून धरल्याशिवाय लांब उडी जात नाही. भिंतीवरून भिंतीवर उड्या मारायची प्रॅक्टिस आधी करा, अर्धे राउंड त्यावरच निघतात. जादा पॉइंट देणारं नाणं नुसतं उचलून उपयोग नाही, झेंड्यापर्यंत न्यावं लागतं.