जुनी इमारत वाचायची कशी? शैली नंतर, आधी ऊन-पाऊस-वारा

जुनी इमारत बघायला गेलात की राजवट, साल, शैली हे सगळं जरा बाजूला ठेवा. मी विद्यार्थ्यांना घेऊन जाते तेव्हा सुरुवातीला माहितीफलक वाचूच देत नाही. एकच प्रश्न विचारते: ही बांधणाऱ्यांना सगळ्यात जास्त धास्ती कशाची होती?

नजर आधी छपराकडे न्या. उतार किती आहे आणि वळचण भिंतीच्या किती बाहेर आली आहे ते बघा. तमिळनाडूतल्या पद्मनाभपुरम राजवाड्याची उतरती, खाली झुकलेली कौलारू छपरं बघितली की पाऊस भिंतीला लागूच द्यायचा नाही, हा हट्ट लगेच कळतो. पण 'तीव्र उतार म्हणजे बर्फाचा प्रदेश' असा आडाखा बांधू नका. आल्प्समधल्या कित्येक जुन्या लाकडी घरांची छपरं पसरट आहेत, वर दगडांचं वजन ठेवलेलं. तिथे बर्फ मुद्दाम साठू देतात, कारण त्याचा थर घरातली ऊब धरून ठेवतो.

मग खाली वाका आणि इमारत जमिनीला कुठे टेकते ते पाहा. नॉर्वेमधलं बोर्गुंडचं लाकडी चर्च बाराव्या शतकाच्या अखेरीपासून उभं आहे. त्याचे खांब मातीत पुरलेले नाहीत. दगडी पायावरच्या आडव्या तुळयांवर उभे आहेत. त्याआधी मातीत पुरलेले खांब ओलीने कुजत असत.

होकायंत्र जवळ ठेवाच. अमेरिकेतल्या मेसा व्हर्दे इथली तेराव्या शतकातली वस्ती कड्याच्या कपारीत आहे. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा कपारीची कड सावली देते, हिवाळ्यात तिरपं ऊन आत शिरतं. इराणमधल्या याझ्द शहरातले, वारा पकडून घरात खाली आणणारे मनोरे बघताना त्यांची तोंडं कोणत्या दिशेला आहेत ते आधी टिपा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र कोपऱ्यांना द्या. हिमाचलमधल्या काठकुणी घरांचे कोपरे मला कितीही वेळ बघत राहावेसे वाटतात. तिथे दोन संकटं एकमेकांच्या विरुद्ध ओढतात: थंडीला जाड, जड भिंत हवी, भूकंपात तोच जडपणा जिवावर उठतो. उत्तर भिंतीतच दिसतं. देवदारच्या दोन तुळया, एक बाहेरच्या अंगाला, एक आतल्या, मधे दगडांची भर, त्यावर कोरड्या दगडांचा थर, पुन्हा तुळया. कोपऱ्यात दोन्ही भिंतींच्या तुळया एकमेकींवर आडव्या-उभ्या चढत जातात. दगडांमधे चुना-सिमेंट काही नाही. जमीन हादरली की दगड किंचित सरकतात, घासतात, धक्क्याचा जोर त्यात खर्च होतो. तुळया भिंतीला फाकू देत नाहीत. खालचा मजला दगडी आणि मोजक्या झरोक्यांचा, वरचा हलका, लाकडी. थर खालून वर मोजत जा, म्हणजे वजन कुठे कमी केलं ते हाताला लागेल.

असंच उत्तर कधी गिलाव्याआड दडलेलं असतं. 1755च्या भूकंपानंतर लिस्बन पुन्हा उभं करताना भिंतींच्या आत लाकडाचा तिरप्या फुल्यांचा सांगाडा घातला. तो रस्त्यावरून दिसत नाही. दुरुस्तीसाठी गिलावा उतरवलेल्या खोलीत जायला मिळालं तर संधी सोडू नका.

शेवटी डागडुजी कशी होते ते विचारा. मालीमधल्या जेने इथल्या मोठ्या मशिदीच्या मातीच्या भिंतींतून लाकडं बाहेर आलेली आहेत. शोभा तर आहेच, पण दरवर्षी नवा लेप देताना लोक त्यांच्यावरच चढतात. पाऊस माती धुऊन नेणार, हे तिथे बांधतानाच गृहीत धरलं आहे. म्हणून मातीच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिसला की मला फार वाईट वाटतं. आत शिरलेली ओल अडकते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. तसा गिलावा दिसला तर पायथ्याशी बोटाच्या पेराने टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर देखभाल करणाऱ्यांना लगेच सांगा.